पाहुणे गुरुजी

(परक्या देशात जाऊन तेथील मुलांना आपली भाषा शिकविणारे हजारो तरुण-तरुणी आज जगात आहेत. जपानमधील शाळांत असे साहाय्यक शिक्षक कसे राहतात, काय शिकवितात आणि स्वतः काय शिकतात, याचे वर्णन या पाठात आले आहे. पाठ वाचताना आपल्या शाळेचा दिनक्रम डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे साम्य कोठे आहे आणि भेद कोठे आहे, हे आपोआप ध्यानात येईल.)

भाषा शिकण्याचे दोन मार्ग आहेत. एक पुस्तकाचा आणि दुसरा माणसाचा. पुस्तकातून शब्द कळतात, त्यांचे अर्थ कळतात, व्याकरणाचे नियमही कळतात. परंतु शब्द उच्चारताना ओठ कसे हलतात, प्रश्न विचारताना स्वर कोठे चढतो, थट्टा कोणती आणि राग कोणता, हे माणसाच्या सहवासावाचून कळत नाही. म्हणूनच अनेक देशांनी आपल्या शाळांतून परदेशी तरुणांना साहाय्यक शिक्षक म्हणून बोलाविण्याची प्रथा पाडली. फ्रान्स आणि इंग्लंड या शेजारी देशांत अशी देवघेव विसाव्या शतकाच्या प्रारंभीच सुरू झाली. पुढे जपानने ही प्रथा उचलली आणि तिला फार मोठे स्वरूप दिले.

जपान आणि परदेशी शिक्षक यांचा संबंध तसा जुना आहे. १८६८ नंतर, मेइजी सम्राटाच्या राजवटीत, पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याचा निर्धार जपानने केला आणि इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक अशा अनेक परदेशी तज्ज्ञांना वेतन देऊन पाचारण केले. त्या काळी आलेल्या शिक्षकांपैकी लॅफकॅडिओ हर्न यांचे नाव जपानी लोक आजही आदराने घेतात. ग्रीक माता आणि आयरिश पिता यांच्या पोटी १८५० साली जन्मलेले हे लेखक १८९० साली जपानला आले आणि मात्सुए या गावी इंग्रजी शिकवू लागले. तेथे ते सव्वा वर्षच राहिले. पण तेवढ्या अवधीत त्या गावाशी त्यांचे नाते जडले. कोइझुमी सेत्सु नावाच्या जपानी स्त्रीशी त्यांनी विवाह केला, पुढे जपानचे नागरिकत्व पत्करले आणि कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. मात्सुएतील अध्यापनाविषयी त्यांनी दैनंदिनीच्या रूपाने एक लेख लिहिला आहे. तो १८९४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतील उतारे त्यांनी त्यात मोठ्या कौतुकाने दिले आहेत. शिकवावयास आलेला हा माणूस विद्यार्थ्यांकडून त्यांचा देश शिकत होता, हे तो लेख वाचताना पदोपदी जाणवते.

हल्लीच्या योजनेचा प्रारंभ १९८७ साली झाला. तिला 'जेट' योजना असे म्हणतात. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. पुढे अनेक देश तीत सामील झाले आणि दरवर्षी जपानमध्ये काम करणाऱ्या या मंडळींची संख्या ५,००० च्या वर गेली. त्यांतील बहुतेक सर्व शाळांतून भाषेचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम करतात. उमेदवार पदवीधर असावा लागतो. मात्र त्याने अध्यापनाचे शिक्षण घेतलेले असावे अशी अट नसते. करार एका वर्षाचा असतो आणि तो फार तर पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. कोणास तोक्योसारख्या महानगराजवळची शाळा मिळते, कोणास भातशेतीने वेढलेले खेडे मिळते, तर कोणास समुद्रातील एखादे चिमुकले बेट. आपली इच्छा कळविता येते. पण जेथे नेमणूक होईल तेथे जावे, हेच खरे.

बहुतेक जण उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात, जुलैच्या अखेरीस अथवा ऑगस्टमध्ये, जपानात उतरतात. कालपरवा महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा तरुण गावात पाऊल टाकतो, तेव्हा त्याला एकदम 'सेन्सेई' असे संबोधन प्राप्त होते. सेन्सेई म्हणजे गुरुजी. या शब्दाचा मूळ अर्थ 'आधी जन्मलेला' असा आहे. गंमत अशी की, त्या गावाच्या दृष्टीने पाहिले तर आपले गुरुजी नुकतेच जन्मलेले असतात! दुकानावरील पाटी त्यांना वाचता येत नाही. टपालाने आलेला कागद विजेच्या देयकाचा की कसल्या जाहिरातीचा, हे कळत नाही. दूध म्हणून विकत आणलेला डबा घरी येऊन उघडावा तो भलतेच काही निघते. पदवी घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागतो.

या अक्षरओळखीत आपल्याला एक आश्चर्य वाटावयास लावणारी गोष्ट आहे. जपानी मुले आपली 'काना' अक्षरे शिकतात तेव्हा स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा म्हणतात आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी घोकतात. हा क्रम ऐकताच आपल्या बाराखडीची आणि वर्णमालेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ही आठवण निराधार नाही. बौद्ध भिक्षूंनी धर्मग्रंथांच्या निमित्ताने संस्कृत वर्णांचा अभ्यास केला आणि त्या वर्णमालेच्या धर्तीवर जपानी अक्षरांची ही मांडणी झाली. जपानात गेलेल्या मराठी माणसाला निदान या एका ठिकाणी तरी ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल.

आता शाळेतील दिवस कसा जातो ते पाहू. शाळेच्या दारातच पादत्राणे ठेवण्याची फडताळे असतात. बाहेरचे जोडे तेथे काढून आतले स्वच्छ जोडे घालावयाचे, हा नियम मुख्याध्यापकांपासून पहिलीतील मुलापर्यंत सर्वांना सारखाच लागू असतो. शिक्षकांची खोली म्हणजे एक मोठे दालन असते. मेजाला मेज लावून सर्व शिक्षक तेथे एकत्र बसतात. सकाळी तेथे छोटीशी सभा होते आणि त्या दिवसाची कामे सांगितली जातात. नव्या साहाय्यकाला त्या सभेतील फारसे काही कळत नाही. तरीही सर्वांबरोबर उभे राहावे, वाकून नमस्कार करावा आणि आत येताना व बाहेर जाताना स्पष्ट आवाजात अभिवादन करावे, एवढे तो पहिल्या आठवड्यातच शिकतो. हे एवढेसे शिकणे फार उपयोगी पडते. भाषा येत नसली तरी ज्याला अभिवादन येते, त्याला कोणी परका मानीत नाही.

तास सुरू होताना वर्गातील एक विद्यार्थी सूचना देतो. त्याबरोबर सारा वर्ग उभा राहतो, नमस्कार करतो आणि खाली बसतो. वर्गात दोन शिक्षक असतात. एक जपानी शिक्षक आणि दुसरे आपले पाहुणे गुरुजी. अभ्यासक्रम, परीक्षा, गुण आणि शिस्त यांची जबाबदारी जपानी शिक्षकांवर असते. पाहुण्यांनी धडा मोठ्याने वाचून दाखवावयाचा, उच्चार करून घ्यावयाचे, संभाषणाचे खेळ घ्यावयाचे. कोठे कोठे तर एका साहाय्यकाला आठवड्यातून अनेक शाळा हिंडाव्या लागतात. सोमवारी प्राथमिक शाळा, मंगळवारी माध्यमिक शाळा, बुधवारी डोंगरापलीकडची वीस-पंचवीस मुलांची शाळा, असा त्याचा फेरा चालतो.

'साहाय्यक' या शब्दात एक अडचण दडलेली असते. आपले काम नेमके काय आहे, हे प्रत्येक शाळेत निराळे ठरते. एखाद्या शाळेत जपानी शिक्षक त्याला बरोबरीने घेतात, आदल्या दिवशी बसून पाठाची आखणी करतात आणि मग त्या दोघांचे अध्यापन जुगलबंदीसारखे रंगते. दुसऱ्या एखाद्या शाळेत "हा उतारा वाचा" एवढेच त्याला सांगितले जाते. वाचून झाले की तो कोपऱ्यात उभा राहतो. आपण माणूस आहोत की ध्वनिमुद्रण यंत्र, असा खेदाचा प्रश्न अशा वेळी कित्येकांच्या मनात येतो. पण यात दोष एकाच बाजूचा असतो असे नाही. जपानी शिक्षकांपुढे प्रवेशपरीक्षेची चिंता असते. ठराविक वेळात ठराविक धडे पुरे करावयाचे असतात. वरून, अध्यापनाचा अनुभव नसलेला एक तरुण वर्षापुरता येणार आणि पुढच्या वर्षी कदाचित दुसराच येणार, हेही त्यांना ठाऊक असते. दोघांनी एकमेकांची अडचण समजून घेतली तरच त्या वर्गाचे काम नीट चालते.

नव्या साहाय्यकाला सर्वांत अधिक गोंधळात टाकते ती वर्गातील शांतता. तो प्रश्न विचारतो आणि कोणीच हात वर करीत नाही. ही मुले मठ्ठ आहेत काय? की आपला तिटकारा करतात? दोन्ही तर्क चुकीचे असतात. चारचौघांत चुकण्याची लाज आणि स्वतःला पुढे न करण्याचे वळण ही त्या मौनाची कारणे होत. प्रश्न विचारल्यावर मूल शेजाऱ्याशी हळूच विचारविनिमय करते आणि खात्री पटल्यावरच उत्तर देते. हे ध्यानात आले की शहाणा साहाय्यक आपली रीत बदलतो. तो मुलांच्या जोड्या लावतो, चित्रे दाखवितो, गाणी म्हणवितो, आणि मोडकीतोडकी जपानी बोलून स्वतः मुलांपुढे चुकतो. गुरुजी चुकले म्हणून वर्गात हशा पिकतो. आणि त्या हशातच मुलांची भीती अर्धीअधिक पळून जाते.

उच्चारांचीही अशीच गंमत असते. जपानी भाषेत 'ल' आणि 'र' असे दोन वेगळे ध्वनी नाहीत आणि बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात. त्यामुळे इंग्रजी 'मिल्क'चे तेथे 'मिरुकु' होते आणि 'क्रिकेट'चे 'कुरिकेत्तो'. यास हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत 'स्टेशन'चे 'ठेसन' झालेच आहे. प्रत्येक भाषा परका शब्द घरात घेताना त्याला आपले कपडे चढविते.

दुपारी जेवणाची वेळ होते. जपानमध्ये शाळेतील भोजनाविषयीचा कायदा १९५४ साली झाला. आज प्राथमिक शाळांतून आणि पुष्कळशा माध्यमिक शाळांतून मुले आपापल्या वर्गात बसून एकत्र जेवतात. पांढरे अंगरखे, डोक्यावर टोप्या आणि तोंडावर पट्ट्या बांधून पाळीची मुले अन्नाची भांडी वर्गात आणतात आणि सर्वांना वाढतात. भात किंवा पाव, सार, भाजी, मासळी आणि दूध असा बेत असतो. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. मग हात जोडून सारे एका स्वरात 'इतादाकिमासु' म्हणतात. 'हे अन्न मी नम्रतेने स्वीकारतो' असा त्याचा भावार्थ. जेवण झाल्यावर पुन्हा कृतज्ञतेचे शब्द म्हणून उठतात. पंगतीत श्लोक म्हणून जेवणाऱ्या आपल्या लोकांना यातील भाव समजावयास वेळ लागणार नाही. पाहुणे गुरुजी पुष्कळदा मुलांमध्ये बसूनच जेवतात. तासाला तोंड न उघडणारे मूल येथे हळूच विचारते, "तुमच्या देशात नाश्त्याला काय खातात?" भाषेचा खरा तास कित्येकदा येथेच भरतो. उरलेला एखादा गोड पदार्थ कोणी घ्यावा याचा निकाल मुले हाताच्या खुणांच्या खेळाने लावतात. त्या खेळात गुरुजींनाही ओढले जाते.

मात्र शाकाहारी माणसाला येथे कठीण जाते. सुकविलेल्या मासळीचे पाणी बहुतेक सारांत असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ज्याचा आहार धर्माने किंवा रुचीने मर्यादित आहे, त्याला आपली अडचण आरंभीच नम्रपणे सांगावी लागते आणि बहुधा घरून डबा आणावा लागतो. मुले त्या डब्याकडे कुतूहलाने पाहतात. असे का, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हाही एक पाठच होय.

दिवसातील काही मिनिटे साफसफाईची असतात. केर काढणे, फरशी पुसणे, फळा स्वच्छ करणे, इतकेच नव्हे तर शौचालये धुणे, ही कामे मुलेच वाटून घेतात. ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून मुले वाकलेल्या स्थितीत दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातात. शिक्षकही हाती झाडू घेतात. पाहुणा पहिल्या दिवशी हे दृश्य चकित होऊन पाहतो, दुसऱ्या दिवशी ओशाळतो आणि तिसऱ्या दिवशी फडके घेऊन खाली बसतो. त्या दिवसापासून मुले त्याच्याशी निराळ्याच आपुलकीने बोलू लागतात. ज्याने आपल्याबरोबर फरशी पुसली, तो आपला, असा बालमनाचा सरळ हिशेब असतो.

शाळा सुटली तरी गुरुजींचे शिक्षण संपत नाही. घरी आल्यावर दुसरा वर्ग सुरू होतो. चटयांच्या खोलीत सपाता घालून जावयाचे नाही. शौचालयाच्या सपाता वेगळ्या, त्या तेथेच काढावयाच्या. स्नान आधी बाहेर बसून करावयाचे आणि मग कढत पाण्याच्या हौदात शेकत बसावयाचे, म्हणजे तेच पाणी घरातील सर्वांना वापरता येते. कचऱ्याचे नियम तर एखाद्या शास्त्रासारखे असतात. जळणारा कचरा एका वारी, न जळणारा दुसऱ्या वारी. काच, डबे आणि कागद आणखी वेगळे. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले उचलीत नाहीत. तिच्यावर सूचनेची चिठ्ठी डकवून ती तेथेच ठेवून जातात. साऱ्या आळीला दिसेल अशी ती पिशवी दिवसभर मालकाची वाट पाहत राहते! गावातील सूचनांची एक पाटी घरोघर फिरते. ती आपल्याकडे आली की वाचून, खूण करून शेजारच्या घरी पोचवावयाची असते. वाचता न येणारा पाहुणाही ती पोचवावयास जातो आणि त्या निमित्ताने शेजारच्या आजीबाईंशी त्याची ओळख होते.

हिवाळा कठीण असतो. बर्फाळ प्रदेशातील कित्येक घरे आपण समजतो तितकी उबदार नसतात. एका खोलीत रॉकेलची शेगडी पेटवून तीपुरते बसावयाचे, दारापुढचे बर्फ फावड्याने ओढावयाचे आणि मग शाळेस निघावयाचे. याच दिवसांत एकाकीपणा मनाला घेरतो. रस्त्यातून जाताना लहान मुले टक लावून पाहतात. प्रत्येक नवा माणूस तेच चार प्रश्न विचारतो. घरची माणसे समुद्रापार असतात आणि आपल्या भाषेत मनमोकळे बोलावयास गावात कोणी नसते. काही जण या औदासीन्याला कंटाळून मुदत संपताच परततात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण ज्यांनी त्या दिवसांत एखाद्या वादनवर्गाला, ज्यूदोच्या आखाड्याला किंवा गावच्या उत्सवातील पथकाला स्वतःस जोडून घेतले, त्यांचा हिवाळा लवकर सरला, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

सायंकाळ झाली की जपानमधील अनेक गावांत ध्वनिक्षेपकांवरून एक ओळखीची धून वाजते. मुलांनी आता घरी जावे, अशी ती सूचना असते. परंतु तिचा दुसराही हेतू आहे. भूकंप, त्सुनामी अशा संकटाचा इशारा देणारे हेच ध्वनिक्षेपक नीट चालतात की नाही, याची त्या योगे रोज परीक्षा होते. शाळांतूनही भूकंपाच्या वेळी काय करावयाचे याच्या कवायती नियमाने होतात. परदेशी गुरुजी मुलांबरोबर मेजाखाली शिरतात, मुलांबरोबर ओळीने पटांगणात जातात. ही कवायत एखाद्या दिवशी खरी ठरते.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला. इशिनोमाकी या किनाऱ्यावरील शहरात टेलर अँडरसन नावाची २४ वर्षांची अमेरिकन तरुणी २००८ पासून साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करीत होती. जपानी भाषेची तिला शाळकरी वयापासून ओढ होती. त्या दिवशी ती एका प्राथमिक शाळेत होती. भूकंपानंतर मुलांना बाहेर आणण्यात आले. पालक येऊन मुलांना घेऊन जाईपर्यंत ती त्यांच्यापाशी थांबली. मग सायकलवर बसून ती आपल्या बिऱ्हाडाकडे निघाली. ती घरी पोचली नाही. त्सुनामीने तिला गाठले. त्याच संकटात रिकुझेनताकाता येथे माँटगोमेरी डिक्सन हा दुसरा अमेरिकन साहाय्यक शिक्षकही मृत्यू पावला. गावावर आलेली आपत्ती गावात राहणाऱ्या पाहुण्यांवरही आली.

टेलरला वाचनाची फार आवड होती. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने निधी उभारला आणि त्यातून इशिनोमाकीच्या शाळांना पुस्तके देण्यास २०११ सालीच प्रारंभ केला. 'टेलर बुन्को', म्हणजे टेलरचा ग्रंथसंग्रह, असे त्या वाचनकोपऱ्यांना म्हणतात. त्यांसाठी लाकडी कपाटे तेथील एका सुताराने तयार केली. त्या सुताराची तीन मुले त्याच लाटेत गेली होती. टेलरने त्यांना शिकविले होते. आपली मुले गमावलेल्या बापाने मुलगी गमावलेल्या आईबापांच्या पुस्तकांसाठी कपाटे करावी आणि दुसऱ्यांच्या मुलांनी ती पुस्तके वाचावी, याहून त्या वर्षभराच्या करारांचे मोल अधिक स्पष्टपणे कशाने सांगता येईल?

साहाय्यक शिक्षकाने शिकविलेले कितीसे शब्द मुलांच्या ध्यानात राहतात, हे मोजणे अवघड आहे. परीक्षेच्या गुणपत्रिकेत त्याचे नाव येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो निघून जातो आणि त्याच्या मेजावर दुसरा येऊन बसतो. पण दूरच्या देशाचा एक माणूस आपल्या पंगतीला जेवला, आपल्याबरोबर फरशी पुसली, आपली भाषा बोलताना चुकला आणि हसला, ही गोष्ट मूल विसरत नाही. पुढे त्या देशाचे नाव वर्तमानपत्रात वाचले की त्याला नकाशा आठवत नाही. तो माणूस आठवतो. जगातील राष्ट्रांमध्ये स्नेह वाढावा असे आपण म्हणतो. तो स्नेह परिषदांतील ठरावांनी जसा वाढतो, तसाच अशा वर्गांतूनही वाढतो.

आणि यात यजमानांचाही वाटा असतो. पाहुणा कितीही भला असला तरी दार आतूनच उघडावे लागते. जपानी मुलांनी त्याला खेळात ओढले नसते, शेजारच्या आजीबाईंनी कचऱ्याचा वार सांगितला नसता, सहशिक्षकांनी त्याच्यासाठी खुर्ची सरकविली नसती, तर तो परकाच राहिला असता. आपल्याही वर्गात कधी दुसऱ्या प्रांताचा किंवा दुसऱ्या देशाचा माणूस येईल. त्याचे मराठी मोडके असेल, आपल्या रीती त्याला ठाऊक नसतील. त्या दिवशी त्याच्या चुकीला हसावयाचे की त्याला आपल्याशेजारी जागा करून द्यावयाची, हे मुलांनो, तुम्हालाच ठरवावयाचे आहे.

शब्दार्थ

आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे
पाचारण करणे – बोलावणे
फडताळ – भिंतीतील किंवा भिंतीलगतचे खणांचे कपाट
स्वरान्त – ज्याच्या शेवटी स्वर आहे असे
विचारविनिमय – एकमेकांशी विचारांची देवाणघेवाण
तिटकारा – मनापासून वाटणारा कंटाळा, नावड
औदासीन्य – खिन्नता, उत्साहाचा अभाव
बिऱ्हाड – राहण्याची जागा, भाड्याचे घर

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लॅफकॅडिओ हर्न यांनी पुढे कोणते नाव धारण केले?
(आ) 'सेन्सेई' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(इ) गावातील ध्वनिक्षेपकांवर रोज सायंकाळी धून वाजविण्याचे दोन हेतू कोणते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जपानी वर्गातील शांततेची कारणे कोणती आणि ती घालविण्यासाठी साहाय्यक शिक्षक काय करतो?
(आ) जपानी शिक्षक आणि साहाय्यक शिक्षक यांच्या अडचणी कोणत्या?
(इ) जपानी काना अक्षरे आणि आपली वर्णमाला यांचा संबंध स्पष्ट करा.

३. पुढील विधानांचा अर्थ स्पष्ट करा.
(अ) "प्रत्येक भाषा परका शब्द घरात घेताना त्याला आपले कपडे चढविते."
(आ) "पाहुणा कितीही भला असला तरी दार आतूनच उघडावे लागते."

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
हशा पिकणे, टक लावून पाहणे, नाते जडणे, स्वतःस जोडून घेणे.

५. निबंध लिहा : 'आमच्या वर्गात दूरच्या प्रांतातून आलेला विद्यार्थी'.
त्याचा पहिला दिवस कसा गेला असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी काय कराल, ते पंधरा ओळींत लिहा.